दर तासाला पिणारं बाळ आणि ‘दूध पुरत नाही’ ही शंका: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्याकडे स्तनपानाच्या सल्ल्यासाठी आलेल्या एका पहिलटकरणीचं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. गरोदरपणात साखर, रक्तदाब किंवा थायरॉइडचा त्रास नव्हता. कळा लांबल्या, शेवटी सिझेरियन करावं लागलं. बाळ पूर्ण दिवसांचं, जन्माचं वजन 2.94 किलो. शस्त्रक्रियेनंतर बाळाला पहिल्यांदा अंगावर घ्यायला काही तास गेले. पहिले तीन दिवस चीक आला आणि चौथ्या दिवशी छाती भरून आली.

चौथा दिवस थोडा उशिराचा असला तरी अनपेक्षित नव्हता. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दूध उतरतं, पण पहिलं बाळंतपण, लांबलेल्या कळा आणि सिझेरियन या तिन्ही गोष्टींनी ते लांबू शकतं. इथे तिन्ही होत्या. पाचव्या दिवशी बाळाचं वजन 2.70 किलो भरलं, म्हणजे जन्माच्या वजनातून 8 टक्के गेलं होतं. थोडं वजन उतरणं सगळ्याच नवजात बाळांत दिसतं. 7 टक्क्यांच्या पुढे गेलं की पाजणं नीट पाहायचं आणि 10 टक्क्यांच्या आसपास पोचलं की कारण शोधून उपाय करायचा, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. डॉक्टरांनी बाळ तपासलं, कावीळ सौम्य होती, लघवी होत होती. ‘बाळ मागेल तेव्हा पाजा, आठवड्याने या,’ असं सांगून त्यांना घरी पाठवलं.

बाराव्या दिवशी वजन 2.86 किलो होतं. प्रकरण इथूनच सुरू होतं, कारण या एकाच आकड्याचे दोन अर्थ निघत होते.

अडचण

घरच्यांनी हिशेब जन्माच्या वजनापासून मांडला: बारा दिवस झाले, बाळ अजून 80 ग्रॅमने मागेच आहे. त्याच आठवड्यात बाळाच्या संध्याकाळी बदलल्या होत्या. सकाळी दोन-अडीच तासांनी उठणारं बाळ संध्याकाळी सहानंतर अंगावरून सुटेचना. दहा मिनिटं पी, डोळे मिट, खाली ठेवलं की रड, परत पी. हे रात्री अकरापर्यंत चालायचं. आईची छाती तोवर अगदी मऊ पडलेली असायची. आजी काळजीने म्हणाल्या, ‘अगं, पोट भरत नाहीये त्याचं. नाहीतर इतक्यांदा कशाला मागेल?’

आजींचं बोलणं वरवर तर्काला धरून होतं, म्हणूनच ते आईच्या मनात रुतलं. पण नवजात बाळ 24 तासांत 8 ते 12 वेळा पितं, काही बाळं त्याहूनही जास्त. पोट लहान असतं आणि आईचं दूध पावडरच्या दुधापेक्षा लवकर पचतं. शिवाय दिवसभराचं पिणं घड्याळाच्या समान अंतराने वाटलेलं नसतं. संध्याकाळी पाठोपाठ पिऊन घेणं आणि मग रात्री एक मोठी झोप काढणं हा पहिल्या काही आठवड्यांतला नेहमीचा प्रकार आहे. त्या वेळी छाती मऊ लागली तरी ती रिकामी नसते. दूध सतत तयार होत असतं, आणि स्तन जितका मोकळा तितका तयार होण्याचा वेग जास्त.

म्हणून ‘किती वेळा पितं’ या प्रश्नातून दूध पुरतं की नाही हे कळत नाही. ते कळायला पोटातून बाहेर काय येतं आणि वजन कसं चढतं हे पाहावं लागतं. सहाव्या दिवसापासून रोज सहा किंवा जास्त लघव्या, फिकट रंगाच्या. शी काळी, मग हिरवट आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास पिवळी, पातळसर, दिवसातून निदान तीन-चार वेळा. या बाळाच्या सात-आठ लघव्या आणि चार पिवळ्या शी होत होत्या. वजन सर्वांत खालच्या आकड्यापासून, म्हणजे 2.70 पासून मोजलं तर सात दिवसांत 160 ग्रॅम वाढलं होतं, दिवसाला साधारण 23 ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला 20 ते 35 ग्रॅम वाढ अपेक्षित धरतात.

तरीही घरच्यांची भीती उगाच होती असं मी म्हणणार नाही. 23 हा आकडा पट्ट्याच्या खालच्या टोकाचा आहे. बहुतेक बाळं दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनाला पोचतात, आणि याच वेगाने हे बाळ पंधरा-सोळाव्या दिवशी पोचलं असतं. त्यातच आईच्या स्तनाग्रांना पाजताना सुरुवातीपासून दुखत होतं. ‘पहिले काही दिवस दुखतंच’ असं सगळ्यांनी सांगितल्यामुळे ती ते कोणाला बोलली नव्हती. म्हणजे बाळ धोक्यात नव्हतं, पण कोणीतरी त्याच आठवड्यात एक पाजणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांनी पाहणं गरजेचं होतं. ते झालं नाही.

पहिला निर्णय: बाराव्या रात्रीची बाटली

त्या रात्री पावडरचा डबा आणला गेला. बाळाने 60 मिली वरचं दूध सात-आठ मिनिटांत संपवलं आणि तीन तास झोपलं. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आई मात्र रडली. तिच्या दृष्टीने ते उपाशी होतं हे आता सिद्ध झालं होतं.

पण यातून भूक सिद्ध होत नाही. बाटलीचं रबरी बूच टाळूला लागलं की चोखण्याची प्रतिक्षिप्त क्रिया सुरू होते, दूध आपोआप वाहतं, आणि बाळाला ते गिळावंच लागतं. पोट बऱ्यापैकी भरलेलं बाळही बाटली संपवू शकतं. एकदम मोठा आणि पचायला जड घोट मिळाल्यावर झोपही लांब लागते. भुकेलं बाळ आणि न भुकेलं बाळ, दोघंही त्या रात्री साधारण असंच वागले असते.

या टप्प्यावर वरचं दूध देणं चुकीचं होतं असं माझं मत नाही. वजनाचा वेग काठावर असताना थोडी भर घालणं हा समजण्यासारखा निर्णय आहे. खटकतं ते हे की त्या बाटलीसोबत कोणतीच योजना नव्हती. किती द्यायचं, किती दिवस द्यायचं, आणि बाळ बाटली घेतं त्या वेळी आईने दूध काढायचं की नाही, यातलं काहीच ठरलं नव्हतं. आठवडाभरात एका बाटलीच्या तीन झाल्या.

बाराव्या ते एकोणिसाव्या दिवसात काय घडलं

बाटलीच्या वेळी आई झोपायची. तिला त्या झोपेची नितांत गरज होती. पण त्या तीन वेळी दूध निघालं नाही. स्तन भरलेला राहिला की दूध तयार होण्याचा वेग कमी होतो. दुधातलाच एक घटक आणि स्तनातला दाब मिळून हे काम करतात. सुरुवातीच्या आठवड्यांत तर शरीर अजून मागणीचा अंदाज घेत असतं, त्यामुळे हा परिणाम लवकर दिसतो. पाच-सहा दिवसांत तिची छाती भरून येणं कमी झालं. तिने पंप आणून पाहिला तर दोन्हीकडचं मिळून 20 मिली निघालं. ‘दूध गेलंच माझं’ हे वाक्य तिने माझ्याकडे आल्यावर सगळ्यात आधी उच्चारलं.

पंपाचा आकडा हे दुधाचं माप नाही. नीट लागलेलं बाळ पंपापेक्षा जास्त दूध ओढतं. शिवाय मनावर ताण असेल तर पान्हा फुटायला वेळ लागतो. यंत्राची सवय लागायला काही दिवस जातात, आणि पंपाच्या स्तनावर लावायच्या कपाचं माप चुकलं तर दूध आणखीनच कमी निघतं. तिचा कप स्तनाग्राच्या मानाने बराच मोठा होता.

एकोणिसाव्या दिवशी बाळाचं वजन 3.09 किलो होतं, आठवड्यात 230 ग्रॅम वाढलेलं. मी तिच्यासमोर कागदावर हिशेब मांडला. या वयाच्या बाळाला दिवसाला किलोमागे साधारण 150 मिली दूध लागतं, म्हणजे या बाळाला 460 च्या आसपास. वरचं दूध 180 मिली. उरलेलं 280 मिली येतंय कुठून? ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. दूध गेलं नव्हतं. निम्म्याहून जास्त गरज ती अजूनही भागवत होती.

तपासणीत काय दिसलं

बाळाला नेहमीसारखं पाजायला सांगितलं. तिने स्तन बोटांच्या चिमटीत धरून बाळाच्या तोंडात दिला. तोंड अर्धंच उघडलेलं, ओठ आत मुडपलेले, हनुवटी स्तनापासून दूर. चोखताना गालाला खळगे पडत होते आणि मधूनच जिभेचा टकटक आवाज येत होता. गिळण्याचा आवाज जवळजवळ नाहीच. पाच मिनिटांत बाळ झोपलं. तोंडातून निघालेलं स्तनाग्र एका बाजूने चेपलेलं, टोकावर पांढरी रेघ. ती पकडीच्या चुकीची खूण आहे. बाळ फक्त स्तनाग्र चोखत होतं, भोवतालचा काळसर भाग तोंडात जातच नव्हता.

मग आईला मागे रेलून बसवलं, बाळाचं पोट तिच्या पोटाला टेकवलं आणि स्तनाग्र बाळाच्या नाकासमोर आणलं. जांभई दिल्यासारखं तोंड उघडेपर्यंत थांबायचं आणि मग हनुवटी आधी लागेल असं बाळाला जवळ ओढायचं. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. भराभर चोखण्याची लय बदलली: एक खोल ओढ, एक घुटका, क्षणभर विराम. आई म्हणाली, ‘ताई, दुखत नाहीये.’ चोखणं मंदावलं की स्तन हलका दाबायचा, हेही तिला दाखवलं. दाबल्यावर बाळ परत गिळायला लागायचं.

त्याच कपड्यांत आणि त्याच डायपरमध्ये, पाजण्याआधी आणि नंतर, बारीक मापाच्या काट्यावर बाळाचं वजन केलं; दोन्हींतला फरक म्हणजे प्यायलेलं दूध. एका बाजूने 34 ग्रॅम, दुसऱ्या बाजूने 18. एका वेळच्या आकड्यावरून दिवसाचा निष्कर्ष काढू नये. सकाळचं आणि संध्याकाळचं पाजणं वेगळं भरतं. पण तिला त्या वेळी हा आकडा दिसणं मोलाचं होतं.

बालरोगतज्ज्ञांनी जीभ तपासली, हालचाल चांगली होती. आईच्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घेतलं, वार पूर्ण पडली असल्याची खात्री केली. सगळं ठीक होतं. गरोदरपणात स्तनांचा आकार वाढला होता, तोही आशेचा धागा होता. पुरेशी दूधग्रंथी तयारच न होणं, मोठा रक्तस्राव, हार्मोनचे विकार, स्तनाची जुनी शस्त्रक्रिया अशा कारणांनी काही बायांना खरोखरच दूध कमी येतं. त्यांना ‘पाजत राहा, येईल’ एवढंच सांगणं अन्याय आहे. म्हणून ही तपासणी टाळू नये.

मनाची विचारपूसही केली. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी वापरतात ती दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली तिने भरली. गुण चिंतेच्या पातळीखाली होते. ती थकली होती, आणि आपल्या शरीरावरचा तिचा विश्वास उडाला होता.

कोणते पर्याय समोर होते

वरचं दूध त्याच दिवशी बंद करणं हा आईचा आवडता पर्याय होता. त्यात मागणी एकदम वाढते हे खरं. पण बाळाच्या दिवसाच्या खुराकातला दोन पंचमांश भाग अचानक काढून घेतला तर बाळ आधी अशक्त होतं आणि अशक्त बाळ नीट ओढत नाही. हा पर्याय मी स्पष्टपणे नाकारला.

आहे तसंच चालू ठेवणं, हा दुसरा. बाळ वाढत होतं, त्यामुळे वैद्यकीय अडचण नव्हती. मात्र पकड न सुधारता आणि दूध न काढता असंच चाललं असतं तर अंगावरचं दूध हळूहळू कमी होत गेलं असतं. आईने समजून-उमजून हे निवडलं असतं तर मी त्यात तिला साथ दिली असती. तिला ते नको होतं.

तिसरा पर्याय औषधाचा. मेथीसारख्या उपायांचा पुरावा कच्चा आहे, आणि दूध वाढवायला वापरतात त्या औषधांतली काही हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत. मुख्य म्हणजे स्तन रिकामा होत नसेल तर कोणतंच औषध फारसं काम करत नाही. ते बाजूला ठेवलं.

उरला तो मधला रस्ता: पकड सुधारायची, बाटलीच्या वेळी दूध काढायचं, वजनावर नजर ठेवून वरचं दूध टप्प्याटप्प्याने कमी करायचं. यात मेहनत सर्वांत जास्त आहे. पाजणं, दूध काढणं, बाटली देणं आणि भांडी निर्जंतुक करणं एकाच बाईवर पडलं तर ती आठवड्यात मोडून पडते. म्हणून घरातली कामं आधी वाटून घेतली, मगच हा रस्ता पक्का केला.

काय केलं

दिवसातून निदान आठ-दहा वेळा अंगावर, आणि प्रत्येक वेळी बाळ गिळतंय की नुसतं चोखतंय हे पाहायचं. बाळ रडण्याची वाट पाहायची नाही. मान वळवून तोंड उघडणं आणि मूठ चोखणं या भुकेच्या पहिल्या खुणा, रडणं शेवटची. योग्य मापाच्या कपाने दिवसातून चार वेळा, पाजल्यानंतर दहा-पंधरा मिनिटं दूध काढायचं. निघालेलं दूध बाटलीत आधी, पावडर त्यानंतर. बाटली आडवी धरून, मध्ये थांबत, सावकाश द्यायची. पावडरचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच, पातळ करायचं नाही.

कोणती बाटली आधी काढायची यावर आमचं बोलणं बराच वेळ चाललं. रात्री दूध वाढवणाऱ्या प्रोलॅक्टिनचं प्रमाण जास्त असतं, म्हणून रात्रीची आधी काढावी असा एक विचार. पण त्या बाटलीमुळे आईला सलग चार तास झोप मिळत होती, आणि झोपेशिवाय बाकीची योजना टिकली नसती. सकाळी स्तन सर्वांत भरलेले असतात, म्हणून सकाळची बाटली पहिली काढायची ठरली. रात्रीची सगळ्यात शेवटी. ती बाटली आणि ढेकर बाबांकडे, आणि आजींकडे लघवी-शीची वही. हे काम आजींनी इतक्या निगुतीने केलं की पुढे घरात शंका निघाली की त्या वही उघडून दाखवू लागल्या.

नियम एकच होता: एक बाटली काढायची, तीन-चार दिवसांनी त्याच काट्यावर उघड्या अंगाने वजन करायचं, मग पुढची.

मध्येच आलेली अडचण

बाविसाव्या दिवशी वजन 3.18 किलो झालं, दिवसाला 30 ग्रॅम. आईला हुरूप आला आणि तिने संध्याकाळची आणि रात्रीची अशा दोन्ही बाटल्या एकदम थांबवल्या. सव्विसाव्या दिवशी वजन 3.22. चार दिवसांत फक्त 40 ग्रॅम. लघव्या पाच-सहावर आल्या होत्या आणि बाळ पिता पिता लवकर झोपत होतं.

हा दुसरा महत्त्वाचा निर्णय. घरात लगेच ‘नाहीच पुरत’ हा सूर उमटला. पण आकडे पाहिले तर दूध वाढत होतं, फक्त 180 ची जागा भरून काढण्याइतकं अजून वाढलं नव्हतं. आम्ही 60 मिली परत सुरू केलं, पण एका बाटलीत नाही. 30-30 मिली दोन वेळा, दोन्ही स्तन पाजून झाल्यावर. दूध काढण्याची एक वेळ वाढवली. आईला ही माघार वाटली. माझ्या मते पूर्ण प्रकरणातला हा सर्वांत शहाणा टप्पा होता, कारण या वेळी वरचं दूध ठरवून, मापात आणि मुदत घालून दिलं गेलं.

परिणाम

तिसाव्या दिवशी वजन 3.36 किलो. पाजून झाल्यावर द्यायच्या त्या 60 मिलीचा बराचसा भाग आता काढलेल्या दुधातूनच भागत होता. चौतिसाव्या दिवशी शेवटची पावडरची बाटली बंद झाली, छत्तिसाव्या दिवशी वजन 3.54, आणि सहा आठवड्यांच्या तपासणीत, चव्वेचाळिसाव्या दिवशी, 3.76 किलो. शेवटचे आठ दिवस बाळ पूर्णपणे आईच्या दुधावर होतं, वाढ दिवसाला 27-28 ग्रॅम. स्तनाग्रांचं दुखणं पहिल्या आठवड्यातच थांबलं होतं. पंप मात्र तिला कधीच आवडला नाही, पावडर बंद झाल्यावर तिने तो ठेवून दिला.

सहाव्या आठवड्यात बाळाने परत संध्याकाळी अंगावरून न सुटण्याचा सपाटा लावला. वाढीच्या या टप्प्यावर असं बऱ्याचदा होतं. याच सुमारास छातीही कायमची मऊ लागू लागते, कारण दूध आता गरजेपुरतंच तयार होत असतं. तिने फोन केला तेव्हा प्रश्न ‘दूध कमी झालं का’ असा नव्हता. ‘आठ लघव्या आहेत, मंगळवारी वजन करू का?’ असं तिने विचारलं.

वेगळं काय करता आलं असतं

बाराव्या दिवशी वजन झालं तेव्हाच एक पाजणं पाहिलं गेलं असतं तर पकडीची चूक तिथेच सापडली असती. या प्रकरणातली सर्वांत मोठी संधी ती होती. ‘दुखतं का?’ हा एक प्रश्न विचारला असता तरी पुरलं असतं. पाजताना पहिल्या क्षणी कळ येणं वेगळं, आणि पूर्ण वेळ दुखत राहणं वेगळं. दुसऱ्याकडे दुर्लक्ष करू नये.

वजन सांगताना सर्वांत खालच्या आकड्यापासूनची रोजची वाढही सांगायला हवी होती. ‘अजून जन्माच्या वजनाला पोचलं नाही’ एवढंच ऐकून घरी गेलेलं कुटुंब डबा आणणारच.

पहिली बाटली देतानाच ‘प्रत्येक बाटलीमागे एकदा दूध काढा’ हे कोणी सांगितलं असतं तर तीन बाटल्यांपर्यंत गोष्ट गेली असती तरी दूध इतकं आटलं नसतं. वरचं दूध लिहून देणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ सोबत लिहावी असं मला फार वाटतं.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या स्तनपानाच्या दहा पायऱ्यांतली शेवटची पायरी घरी गेल्यानंतरच्या आधाराबद्दल आहे. प्रत्यक्षात तीच सर्वांत जास्त गळते. या कुटुंबाला घरी जाताना मिळालेल्या कागदावर टाक्यांची काळजी होती, औषधं होती, पण कधी थांबायचं आणि कधी धावायचं हे नव्हतं. वारंवार पिणं, संध्याकाळी चिकटून राहणं, मऊ छाती या गोष्टी, लघवी-शी ठीक असताना, थांबून पाहण्याच्या. पण बाळ पिण्यासाठी उठतच नसेल, लघव्या कमी आणि गडद असतील, चौथ्या दिवसानंतरही डायपरवर विटकरी डाग पडत असतील, पाचव्या दिवसापर्यंत शी पिवळी झाली नसेल, कावीळ पायांपर्यंत उतरत असेल किंवा वजन पाचव्या दिवसानंतरही घटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं.